आंबट, आम्ल आणि आमवात : एका आहारविषयक समजुतीची अर्थमीमांसा

सांधे धरले, कंबर वाकेनाशी झाली, की महाराष्ट्रातील घराघरांतून रुग्णाला पहिला सल्ला मिळतो तो 'आंबट सोडा' हा होय. चिंच, कैरी, ताक, लिंबू हे पदार्थ ताटातून एकेक करून नाहीसे होतात. गेल्या काही वर्षांत ह्या जुन्या सल्ल्याच्या जोडीला एक नवे विधान आले आहे. शरीरातील ॲसिड वाढल्यामुळे जुनाट दुखणी जडतात, म्हणून 'अल्कलाइन' आहार घ्यावा आणि त्यासाठी सकाळी उठल्याबरोबर लिंबाचे पाणी प्यावे, असे ते विधान आहे. एका सल्ल्याने लिंबू वर्ज्य ठरते, दुसऱ्याने ते औषध ठरते. तथापि पुष्कळ रुग्ण हे दोन्ही सल्ले एकाच वेळी मानतात आणि त्यांत विसंगती आहे असे त्यांना वाटत नाही. कारण दोहोंच्या मुळाशी 'ॲसिड वाईट' हा एकच सिद्धान्त आहे, अशी त्यांची समजूत असते.

आहाराने शरीराचा सामू बदलतो काय आणि त्या बदलाने जुनाट वेदना वाढतात किंवा शमतात काय, हा प्रश्न शरीरशास्त्राचा आहे. परंतु परस्परविरोधी विधाने एकाच शब्दाच्या आश्रयाने सुखेनैव कशी नांदतात, हा प्रश्न अर्थविचाराच्या कक्षेत येतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी उपलब्ध आहे. ते रुग्णापर्यंत का पोहोचत नाही, हे समजण्यासाठी दुसऱ्याकडे वळावे लागते.

१. एक शब्द, तीन अर्थ

संस्कृतातील 'अम्ल' हा शब्द प्रथमतः रसवाचक आहे. मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय ह्या सहा रसांपैकी तो एक. त्याचा निकष जीभ हा होय. प्राकृतातील 'अंबिल' आणि मराठीतील 'आंबील' ह्या शब्दांनी हाच अर्थ राखला आहे. युरोपीय भाषांतही प्रारंभ असाच झालेला दिसतो. लॅटिन 'आसिदुस' म्हणजे आंबट, आणि जर्मन 'झॉयर' म्हणजेही आंबट. तेथे रसायनशास्त्राने रुचीचा हा शब्द द्रव्यासाठी घेतला आणि पुढे त्याचा निकष जिभेवरून काढून हायड्रोजन आयनांवर ठेवला. मराठीत 'ॲसिड'साठी 'आम्ल' ही संज्ञा रूढ झाली, तेव्हा हा दुसरा अर्थ तयार स्थितीतच आपल्याकडे आला.

तिसरा अर्थ व्याधीचा. 'ॲसिडिटी' हे इंग्रजीत मुख्यतः द्रावणाच्या गुणधर्माचे नाव आहे. मराठीत त्याचे रोगनाम झाले. 'मला ॲसिडिटी झाली' हे वाक्य 'मला ताप आला', 'मला सर्दी झाली' ह्यांच्याच साच्यातले आहे. अनुभव घेणारा येथे चतुर्थीत येतो आणि व्याधी कर्तृस्थानी बसते. म्हणजे व्याकरणानेच गुणाला व्याधीचे रूप दिले. ह्या शब्दाने व्यापलेली जागाही मोकळी नव्हती, तेथे पूर्वी 'पित्त' होते. यकृतातील पाचक द्रव, त्रिदोषांपैकी एक दोष, छातीतील जळजळ, उलटीसह येणारी डोकेदुखी आणि अंगावर उठणाऱ्या गांधी, इतक्या सर्वांना मराठीत 'पित्त' म्हणतात. 'ॲसिडिटी'ने ह्यांतील बराचसा पसारा वारसाहक्काने घेतला.

ह्याशिवाय एका ध्वनिसाम्याचाही विचार करावयास हवा. 'आमवात' ह्या शब्दातील 'आम' म्हणजे अपक्व, नीट न पचलेला अन्नरस. कच्चा ह्या अर्थाचा ग्रीक 'ओमॉस' हा शब्द त्याचाच सगोत्र आहे. फार प्राचीन काळी 'आम' आणि 'अम्ल' ह्यांचे मूळ एक असावे, असा तर्क काही व्युत्पत्तिकारांनी केला आहे. परंतु वैद्यकग्रंथांत त्यांचे अर्थ स्पष्टपणे वेगळे आहेत. एक शब्द पाकाची अवस्था सांगतो, दुसरा रुची सांगतो. माधवनिदानात आमवात आणि अम्लपित्त ह्यांचे विवेचन दोन स्वतंत्र प्रकरणांत आहे, ते ह्याच भेदामुळे. आजच्या बोलण्यात मात्र 'आम' ऐकताच श्रोत्याला 'आम्ल' आठवते आणि आमवात म्हणजे आम्लाने झालेला वात, अशी लोकव्युत्पत्ती सहज सिद्ध होते.

मिशेल ब्रेआल ह्याने १८९७ साली अनेकार्थतेला 'पोलिसेमी' हे नाव दिले. त्याच्या कितीतरी आधी भर्तृहरीने वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडात संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध इत्यादी अर्थनिर्णायक साधनांची गणना केली होती. अनेकार्थता हा भाषेचा दोष नव्हे. संदर्भाने अर्थ निश्चित होत असेल, तोवर तिच्यापासून बाधा होत नाही. अनुमानाच्या एका पायरीवर एक अर्थ आणि पुढच्या पायरीवर दुसरा अर्थ घेतला गेला, म्हणजे बाधा होते. 'चिंच आम्ल आहे. आम्लाने जळजळ होते. सांध्यात जळजळ आहे. म्हणून चिंच सोडावी' ह्या अनुमानात 'आम्ल' प्रथम रुची आहे, मग जठरातील द्रव्य आहे आणि शेवटी सांध्यातील व्याधीचे कारण आहे. नैयायिकांनी अशा ठिकाणी हेतूच असिद्ध ठरविला असता.

२. 'क्षार' ह्या प्रतियोगी शब्दाची स्थिती

विरोधी शब्द निश्चित असेल, तर मूळ शब्दाचा अर्थही आवरला जातो. येथे तो आधारही डळमळीत आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकरावा अध्याय क्षाराच्या पाकविधीचा आहे. वनस्पती जाळून, त्यांची राख पाण्यात कालवून, गाळून व आटवून जे दाहक द्रव्य मिळते, ते क्षार होय. क्षाराने झालेला दाह अम्ल द्रव्याने शमतो, हेही तेथे नोंदले आहे आणि त्याची उपपत्ती रसांच्या भाषेत दिली आहे. अरबी 'अल्-कली' ह्याचाही अर्थ वनस्पतीची राख असाच आहे. त्यावरून युरोपीय 'अल्कली' आला. येथवर दोन्ही परंपरा समांतर आहेत.

पुढे मात्र आपल्याच दोन शेजारभाषांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. हिंदी पाठ्यपुस्तकांत अम्ल, क्षारक आणि लवण असे त्रिक आहे. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांत ते आम्ल, आम्लारी आणि क्षार असे आहे. म्हणजे हिंदीत 'क्षार' हा आम्लाचा विरोधी, तर मराठीत आम्ल आणि आम्लारी ह्यांच्या संयोगाने होणारा पदार्थ. 'क्षारीय आहार' हा हिंदी प्रयोग मराठीत 'क्षारयुक्त आहार' होऊन अवतरला, तेव्हा ह्या फरकाकडे लक्ष दिले गेले नाही. मराठी माणसाला क्षार माहीत आहेत ते विहिरीच्या जड पाण्यातले, मूतखड्यातले आणि मिठातले. ज्याला डॉक्टरांनी रक्तदाबासाठी मीठ कमी करावयास सांगितले आहे, त्याने 'क्षारयुक्त आहार घ्यावा' हे वाक्य कसे समजावे? खाण्याचा सोडा हाही सोडियमचाच क्षार आहे. शरीर 'अल्कलाइन' करण्यासाठी तो रोज घेतला जातो, तेव्हा हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या बाबतीत हा केवळ परिभाषेचा घोटाळा राहत नाही.

३. रक्ताचा सामू

कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सन ह्याने १९०९ साली आम्लता मोजण्याची पीएच ही पद्धती मांडली. मराठीत तिला 'सामू' म्हणतात. सात हा अंक उदासीन. त्याखाली आम्लता आणि त्यावर आम्लारिता. हे मापन लघुगणकी असल्यामुळे एका अंकाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या संहतीत दहापट फरक होय. लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ च्या दरम्यान, तर जठररसाचा साधारणतः १ ते ३ असतो. ह्यावरून लिंबू पोटात जाऊन तेथे नवी आम्लता निर्माण करते ही कल्पना किती दुबळी आहे, ते दिसून येईल. जठरातून पुढे सरकलेल्या अन्नावर स्वादुपिंडातील बायकार्बोनेटची प्रक्रिया होते आणि ती आम्लता तेथेच ओसरते. जठर आम्ल स्रवत असताना रक्तात बायकार्बोनेट सोडले जाते, म्हणून जेवणानंतर काही काळ रक्त किंचित आम्लारिधर्मी होते, हेही ह्या संदर्भात लक्षणीय आहे.

धमनीतील रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ इतक्या अरुंद पट्ट्यात राहतो. ही स्थिरता तीन व्यवस्थांनी राखली जाते. पहिली म्हणजे रक्तातील बायकार्बोनेट, हीमोग्लोबिन आणि अन्य प्रथिने. आम्ल वाढताच ती त्याला तत्काळ बांधून टाकतात. दुसरी फुप्फुसे. प्रौढ मनुष्य दिवसाकाठी सुमारे १५,००० मिलिमोल कर्बद्विप्राणिद वायू श्वासावाटे बाहेर टाकतो, आणि हा वायू पाण्यात मिसळला की आम्लच होतो. तिसरी मूत्रपिंडे. अन्नाच्या चयापचयातून उरणारे आणि वायुरूपाने जाऊ न शकणारे आम्ल दिवसाला सुमारे ५० ते १०० मिलिइक्विव्हॅलंट इतके असते. ते मूत्रपिंडे बाहेर टाकतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले, म्हणजे आहाराचा वाटा एकूण व्यवहारात किती अल्प आहे हे कळते. मनुष्याने एक-दोन मिनिटे जोराने श्वासोच्छ्वास केला, तर त्याच्या रक्ताचा सामू जितका सरकेल, तितका तो महिनाभराच्या पालेभाजीनेही सरकणार नाही.

रक्ताचा सामू खरोखर ७.३५ च्या खाली जातो, तेव्हा अनियंत्रित मधुमेह, मूत्रपिंडाचा बिघाड, तीव्र जंतुसंसर्ग ह्यांसारखे गंभीर कारण बहुधा उपस्थित असते आणि रुग्णाला रुग्णालयात न्यावे लागते. वर्षानुवर्षे कंबर दुखत असूनही जो कामावर जातो, त्याचे रक्त ह्या अर्थाने 'ॲसिडिक' नसते.

मराठी वाचकाला 'सामू' हा शब्द बहुधा शेतीच्या लेखनातून परिचित झालेला असतो. जमिनीचा सामू तपासतात आणि चोपण जमीन सुधारण्यासाठी तिच्यात जिप्सम घालतात. जमिनीला श्वास नाही आणि मूत्रपिंडे नाहीत. तिच्यात जे घालावे, त्याचा परिणाम तिच्यावर दीर्घकाळ राहतो. शरीराच्या सामूविषयीचे लोकमत ह्या शेताच्या चित्रावर उभे आहे. परिचित शब्दाबरोबर परिचित चित्रही नव्या क्षेत्रात येते आणि तेथे ते लागू आहे की नाही, हे कोणी तपासत नाही.

४. मूत्र आणि राख

मग आहाराने काहीच बदलत नाही काय? बदलते. मूत्राचा सामू बदलतो. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार ह्याने १८६५ च्या आपल्या ग्रंथात ह्याचे सुंदर उदाहरण दिले आहे. बाजारातून आणलेल्या सशांचे मूत्र स्वच्छ व आम्ल असल्याचे त्याला आढळले. वास्तविक शाकाहारी प्राण्याचे मूत्र गढूळ व आम्लारिधर्मी असते. सशांना बराच वेळ खावयास मिळाले नसावे आणि ते स्वतःच्याच मांसावर जगत असावेत, असा तर्क त्याने केला. गवत घालताच मूत्र गढूळ झाले, उपाशी ठेवताच पुन्हा स्वच्छ व आम्ल झाले. उपासात ससाही मांसाहारी होतो, असा निष्कर्ष निघाला.

विसाव्या शतकाच्या आरंभी अन्न जाळून उरणाऱ्या राखेवरून त्याचे आम्लकारी व आम्लारीकारी असे वर्ग पाडण्याची रीत आली. शर्मन आणि गेटलर ह्यांचा ह्याविषयीचा निबंध १९१२ चा आहे. रेमर आणि मांझ ह्यांनी १९९५ साली तिला अधिक काटेकोर रूप दिले. अन्नाच्या शंभर ग्रॅममागे मूत्रपिंडांवर पडणारा आम्लभार त्यांनी मिलिइक्विव्हॅलंटमध्ये काढला. पार्मेसान चीज अधिक ३४.२, पालक उणे १४, मनुका उणे २१ आणि लिंबाचा रस उणे २.५ असे त्यांचे आकडे आहेत. लिंबातील सायट्रिक आम्लाचे शरीरात ज्वलन होते आणि त्यातील पोटॅशियमच्या सायट्रेटपासून बायकार्बोनेट उरते. म्हणून जिभेला आंबट लागणारे लिंबू मूत्रपिंडांच्या लेखी आम्लारीकारी ठरते. उलट, प्रथिनांतील गंधकापासून सल्फ्यूरिक आम्ल तयार होत असल्यामुळे ज्यांत आंबटपणाचा लवलेशही नाही, अशी अंडी व मांस आम्लकारी ठरतात. रुची आणि रासायनिक परिणाम ह्यांची फारकत इतकी संपूर्ण आहे.

परंतु मूत्र आम्ल झाले म्हणजे शरीर आम्ल झाले, असे होत नाही. मूत्राचा सामू ४.५ पासून ८ पर्यंत फिरू शकतो, आणि तो फिरतो म्हणूनच रक्ताचा फिरत नाही. कागदी पट्टीने मूत्र तपासून 'शरीर ॲसिडिक आहे' असे सांगणे म्हणजे घराबाहेर टाकलेला केर पाहून घर अस्वच्छ आहे असे म्हणणे होय.

५. वेदना आणि आम्ल : खरे संबंध

वेदना आणि आम्ल ह्यांचा संबंध नाही, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. संबंध आहेत, पण ते अनेक आहेत आणि प्रत्येक ठिकाणी 'आम्ल' वेगळे आहे.

गाउट ह्या विकारात रक्तातील यूरिक आम्लाचे प्रमाण वाढते, हे ॲल्फ्रेड गॅरड ह्याने १८४८ साली दाखविले. सांध्यात वेदना उत्पन्न करणारे स्फटिक मॅकार्टी आणि हॉलंडर ह्यांनी १९६१ साली ओळखले. ते सोडियम यूरेटचे, म्हणजे मराठी परिभाषेप्रमाणे क्षाराचे असतात. येथे मद्य, मांस आणि गोड पेये ह्यांचा संबंध खरा आहे. रक्ताचा सामू मात्र प्राकृत असतो आणि चिंचेचा येथे काही अपराध नाही. यूरिक आम्लाच्या मूतखड्यात मूत्राची आम्लता कमी करणे हा मान्य उपचार आहे, त्यासाठी पोटॅशियम सायट्रेट देतात. दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात आम्ल साचते आणि तेथे बायकार्बोनेटचा उपयोग होतो. पण अशा रुग्णाने भरपूर फळे खाल्ली, तर पोटॅशियम वाढून अपाय होऊ शकतो, म्हणून वैद्यकीय देखरेख आवश्यक असते.

सूज आलेल्या किंवा रक्तपुरवठा अपुरा पडलेल्या ऊतकात त्या जागेपुरता सामू खाली येतो आणि संवेदी चेतातंतू तो ओळखतात. आम्ल ओळखणाऱ्या आयनमार्गांचा शोध १९९७ साली प्रसिद्ध झाला. आम्ल आणि वेदना ह्यांचा हा सर्वांत निकटचा दुवा होय. परंतु ही आम्लता सुजेचा परिणाम असते आणि तिचे क्षेत्र सूक्ष्म असते. ताटातील पदार्थ बदलून ती बदलत नाही.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला जुनाट वेदना म्हणतात. पुष्कळदा मूळ इजा भरून आल्यावरही ती राहते, कारण चेतासंस्थेची संवेदनशीलताच वाढलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. आम्लारिधर्मी खनिजांनी अशी वेदना कमी होते काय, हे पाहण्याचे प्रयत्न झाले आहेत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या ८२ रुग्णांना चार आठवडे खनिजमिश्रण दिले गेले आणि त्यांची वेदना पुष्कळ कमी झाल्याचे आढळले. परंतु तुलनेसाठी मिश्रण न घेणारा गट त्यात नव्हता. कंबरदुखी स्वभावतःच कमीजास्त होते, औषध घेतल्याच्या विश्वासानेही वेदना उतरते, आणि मिश्रणात मॅग्नेशियमही होते. त्यामुळे सुधारणेचे श्रेय सामूला देता येत नाही.

आहाराने दुखणे हलके होऊ शकते, हेही तितकेच खरे. वजन उतरले की झिजलेल्या गुडघ्यावरील भार उतरतो. ड जीवनसत्त्वाची तीव्र उणीव भरून निघाली, की तिच्यामुळे होणारी हाडांची व स्नायूंची वेदना जाते. भाज्या, फळे व कडधान्ये हितकरच आहेत. 'अल्कलाइन' आहाराने बरे वाटल्याचे जे सांगतात, ते सर्व खोटे सांगतात असे मानण्याचे कारण नाही. त्यांचा अनुभव खरा असू शकेल, कारणमीमांसा मात्र चुकीची असेल.

६. चुकीच्या कारणमीमांसेची किंमत

कारण चुकले तरी उपाय निरुपद्रवी असेल, तर तक्रार कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. आमवाताचे उदाहरण त्याला उत्तर आहे. हा शब्द आज सामान्यतः ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस ह्या रोगाला लावतात. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याने तो होतो आणि सांध्यांची कायमची हानी पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होऊ शकते. त्या मुदतीत मेथोट्रेक्सेटसारखे औषध सुरू झाले, तर ती बव्हंशी टळते. आंबट सोडून आणि लिंबाचे पाणी पिऊन ज्या रुग्णाने ही दोन वर्षे घालविली, त्याची वाकडी झालेली बोटे पुढे कोणत्याही औषधाने सरळ होत नाहीत. शिवाय दुखणे हटले नाही, म्हणजे 'पथ्य नीट पाळले नसेल' हा दोषही त्याच्याच माथी येतो.

ह्या समजुतीचे व्यापारी रूप अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेले. 'द पीएच मिरॅकल' (२००२) ह्या पुस्तकाचा कर्ता रॉबर्ट यंग ह्याला परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल २०१६ साली दोषी ठरविण्यात आले. त्याच्या सल्ल्यावर विसंबलेल्या एका कर्करुग्ण स्त्रीला १०.५ कोटी डॉलर भरपाई द्यावी, असा निर्णय २०१८ साली सॅन डिएगो येथील ज्यूरीने दिला.

उपसंहार

'आम्ल' हा शब्द सोडून द्यावा, असे कोणी म्हणणार नाही. लोकांच्या बोलण्यातील 'ॲसिडिटी'ही कोणाच्या सूचनेने जाणार नाही. परंतु आरोग्यविषयक मराठी लेखन करणाऱ्याला दोन गोष्टी करता येतील. हिंदीतून आलेल्या 'क्षारीय'चे 'क्षारयुक्त' करण्याऐवजी 'आम्लारिधर्मी' हा शब्द वापरावा. आणि 'आम्लता' हा शब्द आला की ती कोठली, हे त्याच वाक्यात सांगावे : जठरातील, रक्तातील, मूत्रातील की सांध्यातील. स्थानवाचक षष्ठी वा सप्तमीचे एवढे एक पद जोडल्याने 'शरीर ॲसिडिक झाले' हे वाक्य लिहिणेच अवघड होते. ज्याला ते सांगितले जाते, त्या रुग्णानेही 'कोठे?' इतके विचारले, तर चिंच सोडावी की डॉक्टरकडे जावे ह्याचा निर्णय त्याला वेळेवर करता येईल.